शून्याची पावती

अकरा वर्षं मी धंतोलीत बिलं काढली.
दुसरा मजला, एसी, काचेमागे.
कापसाचा बोळा वेगळा, तो लावणारा हात वेगळा,
हातमोजे दिवसाला चौदा जोड,
माणूस दोनदा मेला असता तरी लागले नसते इतके.
माझ्या कीबोर्डवरचा शून्य सगळ्यात आधी पुसला गेला.
शून्याच्या आधी एखादा आकडा हवाच,
हे कुणी शिकवलं नव्हतं.
ते त्या खुर्चीतच होतं.

आता मेडिकलला बसते, ओपीडीच्या वळणावर.
टेबल, कुरकुरता पंखा, पाटी: आरोग्यमित्र.
म्हणजे मी, ज्योत्स्ना कोहाड. कंत्राटी.
मे महिन्यात चामोर्शीचे, उमरेडचे, पवनीचे
आपापल्या एक्स-रेनं वारा घेत बसतात.

यादोराव पराते, तांडापेठ, वय एकसष्ट.
हृदयाची झडप खराब.
रेशनकार्डावर यादोराव, आधारवर यादवराव.
यंत्राला वाटलं, दोन पुरुष आहेत.
"एकच हाये जी," सुगंधाबाई म्हणाल्या,
"दोन असते तं एक तरी कामावर गेला असता."

तीनदा परत आली फाइल.
आधी फोटो अंधुक. मग शिक्का अंधुक.
तिसऱ्यांदा कारणच नव्हतं.
कुठल्याशा शहरात कुणी डॉक्टर
पडद्यावर दिवसाला दोनशे छात्या तपासतो,
त्यातली ही एक.
मी त्याचा राग करत नाही.
म्हणजे, दुपारी करते.

मध्ये पत्रक आलं: आता सगळ्या रंगांची कार्डं चालतील,
पिवळं, केशरी, पांढरंसुद्धा.
चांगलं झालं. खरंच चांगलं झालं.
खाटांना मात्र वाचता येत नाही,
त्या होत्या तितक्याच राहिल्या.
रिटायर मास्तर आणि इतवारीचा हमाल
आता एकाच सावलीसाठी सरकतात.
सावली थोडी वाढवा, एवढंच मी लिहून टाकलं
सूचनापेटीत.
तिची किल्ली हरवलीय म्हणतात.

शुक्रवारी पाच वाजून दहा मिनिटांनी
हिरवी खूण आली.
मी ओरडले बहुतेक, कारण रांग वळून बघत होती.

बाकीचं सुगंधाबाईंनी नंतर सांगितलं.
छातीत कळ आली त्या रात्री ते आधी दुसरीकडे गेले होते.
डिपॉझिट साठ हजार. सकाळी डोरलं आणि दोन बांगड्या
सराफाकडे ठेवल्या. चार दिवसांत पैसे संपले,
मग मेडिकल.
दवाखान्याचं नाव विचारलं.
माझंच निघालं.
दुसरा मजला, काच.
"तिथली पोरगी चांगली हाये," म्हणाल्या, "हळू बोलते."
मीही हळूच बोलायचे.

सुट्टीच्या दिवशी परत टेबलाशी.
"पावती दे ना व बाई."
"कशाची? पैसे लागलेच नाहीत."
"तेच लिहून दे. गल्लीत कोणी मानत नाई.
म्हणतात, एवढं मोठं आपरेशन,
बुढीनं गाडगं पुरून ठेवलं असन."

प्रिंटर दोनदा अडला, मग चालला.
रुग्णाने देय रक्कम, आणि पुढे तो.
एकटा.
अकरा वर्षांत मी त्याला असा कधी पाहिला नव्हता,
आधी कुणी नाही, मागे कुणी नाही.
सुगंधाबाईंनी कागद उन्हात धरला,
नोट खरी आहे का बघतात तसा.
"एकच?"
"एकच."
चार घड्या घातल्या, बटव्यात टाकला,
सराफाच्या चिठ्ठीला लागून.
त्या चिठ्ठीवर महिन्याचं व्याज चढतंय.
त्याचा कोड माझ्या यादीत नाही,
मी दोनदा शोधला.

यादोराव भिंतीला धरून उभे, नवी झडप सांभाळत.
जाता जाता त्या वळल्या.
"तुह्यं कार्ड हाये का व, बाई?"
"आहे ना."
आहे. त्यावर अजून
लग्नाआधीचं नाव आहे.